दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: मुळशीची ग्रॅव्हल राइड, ट्रॅक्टर आणि चढ

नमस्कार सर,

आमच्या मुळशीच्या ग्रॅव्हल राइडचा, म्हणजे खडी-मुरमाच्या कच्च्या वाटांवरच्या सायकलफेरीचा, तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. थोडक्यात तक्रारी अशा: जाहिरातीत ट्रॅफिक नाही म्हटलं आणि समोरून ट्रॅक्टर आला. चढ इतका की सायकल ढकलावी लागली. तुमची स्वतःची सायकल नाकारून आम्ही आमची भाड्याने घ्यायला लावली आणि वर तिच्या चाकांतली हवाही काढली. लीडरने जंगलातला जवळचा रस्ता सोडून लांबून फिरवलं. नाश्त्याला चॉइस नव्हता. शेवटी स्कॉटलंडचा दाखला दिलात, की तिथल्या जंगलात असलं काही सोसावं लागत नाही. हे वाचूनच बाकीचे लोक यायचं की नाही ते ठरवणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ट्रॅक्टर. तो वाडीतल्या शेतकऱ्याचा होता आणि वाटही त्यांचीच आहे, आपण तिथे पाहुणे. आमच्या पेजवर ‘गावची ये-जा आणि गुरं सोडून दुसरी वर्दळ नाही’ असं लिहिलेलं आहे, तुम्ही त्यातलं अर्धंच वाक्य उचललंत. ते असो. पण पावसाळ्यात या वाटेवरची बारीक माती वाहून जाते आणि वर नुसते सुटे दगड उरतात. दिवाळीनंतर शेतमालाची ने-आण सुरू झाली की ट्रॅक्टरच्या चाकांखाली मुरूम दाबला जातो, दोन स्वच्छ चाकोऱ्या पडतात आणि मधे गवताची पट्टी राहते. धरणाच्या मागच्या अंगाला ज्या लांब पट्ट्याच्या फोटोखाली तुम्ही ‘एकदम मख्खन’ लिहिलंय, ते मख्खन त्याच ट्रॅक्टरने थापलेलं आहे.

आता चढ आणि स्कॉटलंड एकत्रच घेतो, कारण मुद्दा एकच आहे. स्कॉटलंडमधल्या ग्रॅव्हल वाटा सुंदर आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण त्यातल्या बऱ्याचशा सायकलींसाठी बांधलेल्या नाहीत. तिथे लाकडासाठी सिट्का स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची प्रचंड लागवड झाली आणि तोडलेले ओंडके बाहेर काढायला लॉरीचे रस्ते केले गेले. भरलेली लॉरी चढली पाहिजे म्हणून चढ बेताचा, खाली खडीचा भक्कम थर, बाजूला पाणी जायला चर. खाजगी गाड्या शिरू नयेत म्हणून तोंडाशी फाटक. त्यात २००३ च्या कायद्याने तिथे पायी किंवा सायकलने बहुतेक जमिनींवरून जबाबदारीने जायचा हक्क लोकांना दिला. लाकूडतोडीची सोय सायकलवाल्यांच्या पथ्यावर पडली, असं म्हणा.

आपल्याकडे यातलं काहीच नाही. सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचत गेलेल्या लाव्हाचे थर. झीज होऊन त्यांच्या पायऱ्या झाल्या: सपाट पट्टी, मग उभा कडा, पुन्हा सपाट पट्टी. वाड्या आणि भातखाचरं सपाटीवर, आणि एका सपाटीवरून दुसरीवर जायची जुनी वाट खिंडीतून उभी चढते. ती बैलांनी आणि माणसांनी पाडलेली, लॉरीच्या हिशोबाने आखलेली नाही. म्हणून आपल्या राइडमध्ये तासभर गप्पा मारत चालवता येतं आणि मग अचानक पंधरा मिनिटं जीभ बाहेर येते. हे राइडच्या माहितीत चढाच्या आलेखासकट दिलेलं होतं. खिंडीखाली लीडरने थांबवून सांगितलंही होतं, की सुट्या मुरुमावर उभं राहून पेडल मारू नका, मागच्या चाकावरचा भार सुटतो आणि ते जागच्या जागी फिरतं. सीटवर बसूनच जरा पुढे सरका आणि सगळ्यात हलका गियर आधीच टाका. ज्यांनी ऐकलं ते चढले. ज्यांना जमलं नाही त्यांनी ढकलली, आणि त्यात कमीपणा काही नाही. मीही ढकलतो.

स्कॉटलंडमध्ये गाड्या अडवायला फाटक आहे. इथे ते काम चढ आणि खराब रस्ता करतात. पुण्यापासून सकाळी निघून पोचता येईल अशा अंतरावर जो रस्ता गुळगुळीत आणि सोपा आहे, त्यावर रविवारी गाड्या असतातच. सिंहगडाच्या घाटात सुट्टीच्या दिवशी काय रांग लागते ते तुम्ही पाहिलंच असेल. लवासाच्या रस्त्यावर डांबर छान आहे, म्हणून तिथे मोटारसायकलींची रेस चालते. आमच्या जुन्या राइडमधला एक भाग असाच गेला. आधी ग्रामसडक योजनेचा फलक लागला, मग डांबर, मग प्लॉटिंगचे बोर्ड, आणि त्यांच्यामागून मोठ्या गाड्या. गावाला डांबर मिळालं हे चांगलंच झालं. आजाऱ्याला डोलीत घालून न्यायची वेळ येऊ नये, आणि आमच्या रविवारसाठी कुणी मुरुमात राहावं असं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. आम्ही आमची राइड पुढच्या खिंडीत नेली, एवढंच. तुम्ही मागितलेली रूटची जीपीएस फाइल दिली नाही, तीही याच कारणाने. ती एकदा ग्रुपवर पडली की पुढच्या रविवारी तिथे जीपा येतात.

सायकलबद्दल. तुमच्या सायकलचे टायर २८ मिलिमीटरचे होते, आत साधी ट्यूब. आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना ‘कमीत कमी ३८’ असं कळवलं होतं. बारीक टायर अशा दगडांवर आपटला की ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटते आणि एकदम दोन भोकं पडतात. टाळायला हवा ठासून भरावी, तर सायकल प्रत्येक दगडावर उडते, हात बधिर होतात आणि उतारावर ब्रेक दाबला तरी चाकाला पकड मिळत नाही. आमच्या सायकलींना ४० मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर आहेत, आत सीलंट, म्हणजे बारीक भोक आपोआप बुजवणारं द्रव, असतं. तुमच्या वजनाला त्यात पस्तीसेक पीएसआय हवा पुरते, म्हणून जास्तीची काढली. टायर दगडाभोवती दबतो, म्हणून सायकल उडत नाही. डांबरावर सुरुवातीची काही किलोमीटर ती जड वाटली असेल, मान्य. पण तुम्ही वाटेत थांबून पंपाने हवा वाढवलीत आणि मग उताराच्या वळणावर घसरलात, हे रिव्ह्यूत आलेलं नाही. लागलं नाही हे नशीब.

जंगलातला ‘जवळचा रस्ता’ मोबाइलच्या नकाशात तुटक रेघेने दिसतो, बरोबर आहे. ती रेघ ताम्हिणी अभयारण्यातून जाते. २०१३ मध्ये ते जाहीर झालं आणि वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तिथे बाहेरच्यांना विनापरवानगी शिरता येत नाही. रेंज दिसत नाही, कोण बघतंय, असं तुम्ही लीडरला म्हणालात. बघणारा असो नसो, आम्ही नेणार नाही. वनरक्षक आणि गावकरी आम्हाला ओळखतात, त्याच ओळखीवर ही राइड चालते. देवराईपाशी सगळ्यांना उतरून पायी चालायला लावलं, त्यावरही तुम्ही नाराजी लिहिलीय. त्या राईतून वाळलेली काटकीसुद्धा कुणी उचलत नाही, ही गावाची रीत आहे. म्हणून तिथे झाडं अजून एवढी दाट आहेत आणि भर दुपारी तिथून जाताना अंगाला गारवा लागतो. शे-दीडशे पावलं चालायची, त्यात काय!

नाश्ता: पिठलं, भाकरी, ठेचा, ताक. मावशींच्या घरी चुलीवर होतो, मेन्यूकार्ड नसतं. तुम्ही तिसरी भाकरी मागून घेतलीत असं त्या कौतुकाने सांगत होत्या, तेव्हा हा मुद्दा इथेच सोडतो.

राहिले पैसे. सायकलची अनामत त्याच दिवशी परत केली आहे. राइडची फी निम्मी परत मागितली आहेत, ती देणार नाही. लीडर, मागून येणारा टेम्पो, सायकल आणि जेवण हे सगळं ठरल्याप्रमाणे मिळालेलं आहे. तुम्हाला चढ नको असेल तर पूर्वेकडच्या माळरानावर, सासवडच्या पुढे, आमची दुसरी राइड असते. चढ जेमतेम, उन्हाला आडोसा नाही आणि बाभळीचे काटे भरपूर, म्हणून सायकल तिथेही ट्यूबलेसच लागेल. तिथली पुढची राइड या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आहे. यायचं असेल तर शुक्रवारपर्यंत दुकानात कळवा, कारण शनिवारी सकाळी त्या गावाला भाकऱ्यांचा आकडा द्यावा लागतो.