दुसरा मॉनिटर नेमका कशासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कॅडच्या (संगणकावर ड्रॉइंग काढण्याच्या) कामाला दोन मॉनिटर हवेत, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि परखड लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. चार ओळींत उत्तर उरकणं बरं वाटेना, म्हणून सवडीने लिहिते आहे.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ड्रॉइंग बोर्डवाल्यांनी एकाच बोर्डवर आख्खे कारखाने आखले. माणूस एका वेळी एकाच जागी बघतो. दुसऱ्या स्क्रीनवर शेवटी मेल आणि चॅटच उघडे राहतात, मान दुखते ती वेगळीच. जागा कमी पडत असेल तर एकच मोठा ४के (३८४० बाय २१६० पिक्सेलचा) मॉनिटर घ्यावा.

बोर्डाच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण आपली मतं तिथेच फुटतात. बोर्डवर काम करणाऱ्यापुढे नुसता बोर्ड कधीच नसे. शेजारी किंवा पाठीमागे एक टेबल असे आणि त्यावर जुनी ड्रॉइंग, हँडबुक, कॅटलॉग, आकडेमोडीचे कागद उघडे पडलेले असत. मान वळवली की आकडा समोर. कॅड आल्यावर बोर्ड स्क्रीनवर गेला आणि ते टेबलही त्याच स्क्रीनमध्ये कोंबलं गेलं. ते पुन्हा वेगळं मांडावं, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि हे आजचं खूळही नाही. १९८२ साली ऑटोकॅड हे कॅडचं सॉफ्टवेअर आलं, त्यानंतरच्या डॉसच्या (विंडोजआधीच्या प्रणालीच्या) दिवसांत दोन पडद्यांची मांडणी होतीच: एकावर ड्रॉइंग, दुसऱ्यावर कमांडचा मजकूर.

माणूस एका वेळी एकाच जागी बघतो, हे अगदी मान्य. पण दोन नजरांच्या मधल्या वेळात आकडा कुठे राहतो? एकच स्क्रीन असेल तर तो डोक्यात राहतो. बेअरिंगचं उदाहरण घ्या. ६२०५ आणि ६३०५ हे दोन क्रमांक, दोघांचा बोअर, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास, २५ मिमी. पण ६२०५ चा बाहेरचा व्यास ५२ आणि रुंदी १५, तर ६३०५ चा व्यास ६२ आणि रुंदी १७. कॅटलॉगचं पान पूर्ण स्क्रीनभर उघडायचं, तीन आकडे वाचायचे, ऑल्ट-टॅब करून मॉडेलमध्ये परतायचं, आणि तेवढ्यात कोणी काही विचारलं की हाउसिंगमध्ये (बेअरिंग ज्यात बसतं त्या भागात) ५२ च्या खोबणीला १७ ची खोली पडते. मॉडेल तक्रार करत नाही, स्क्रीनवर सगळं सुरेख दिसतं. चूक कळते ती भाग मशीनवरून उतरल्यावर. फिटच्या, म्हणजे भाग एकमेकांत किती घट्ट बसावेत याच्या, तक्त्यांचंही तेच. २५ मिमीच्या भोकाला एच७ म्हणजे व्यासात शून्य ते अधिक २१ मायक्रॉनची सूट, आणि ३० च्या पुढची ओळ वाचली गेली तर २५ मायक्रॉन. तक्ता शेजारी उघडा असला की टाइप करताना नजर परत त्याच ओळीवर जाते आणि पडताळणी आपोआप होते. वेग वाढतो की नाही यावर आपण वाद घालू शकतो. मला खरी काळजी आहे ती अशा न दिसणाऱ्या चुकांची, आणि दुसऱ्या मॉनिटरचा आग्रह मी त्यासाठीच धरते.

४के बद्दल मात्र तुमच्याशी बरीच सहमत आहे. ए१ शीट ८४१ बाय ५९४ मिमीची. ती १९२० बाय १०८० च्या स्क्रीनवर पूर्ण बसवली, तर उंचीच्या हिशेबाने एका मिलिमीटरला १.८ पिक्सेल मिळतात, म्हणजे २.५ मिमी उंचीचं अक्षर जेमतेम साडेचार पिक्सेलचं. ते वाचता येणं शक्यच नाही. ४के वर तेच अक्षर नऊ पिक्सेलचं होतं आणि कसंबसं का होईना, वाचता येतं. वरची रिबन (बटणांची पट्टी) आणि खालची पट्टी धरली तर दोन्हीकडे आणखी थोडं कमी. तेव्हा मोठे प्लॅन किंवा प्लँटचे लेआउट काढणाऱ्याने आधी चांगला ४के घ्यावा, दुसरा मॉनिटर नंतर. मशीनचे भाग आणि असेंब्ली करणाऱ्याला मी उलटा क्रम सांगेन.

पूर्वी करून पाहिलं आणि उपयोग झाला नाही, असंही तुम्ही लिहिलंत. यात तुमच्या सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा वाटा असू शकतो. ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंगची खिडकी मुख्य चौकटीबाहेर ओढून नेता येते ती २०२२ च्या आवृत्तीपासून, रेव्हिट या इमारतींच्या आराखड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये २०१९ पासून. त्याआधी बाजूला न्यायला बहुतेक पॅलेटच (साधनांच्या छोट्या खिडक्या) होती, नाहीतर एकच चौकट दोन्ही स्क्रीनवर ताणायची, आणि मग नेमकी मधली कडा कामाच्या जागी यायची.

दुसऱ्या स्क्रीनवर मॉडेल फिरवताना अडखळतं, याचं कारण बहुधा केबलमध्ये सापडेल. एक केबल ग्राफिक्स कार्डला आणि दुसरी मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली असते, त्यामुळे दुसरी स्क्रीन वेगळ्याच, कमी ताकदीच्या ग्राफिक्सवर चालते. दोन्ही केबल कार्डलाच लावून बघा. दुसरी कटकट स्केलिंगची, म्हणजे अक्षरं आणि बटणं किती मोठी दाखवायची त्या सेटिंगची. एक स्क्रीन १५० टक्क्यांवर आणि दुसरी १०० वर असली की जुने डायलॉग बॉक्स धूसर किंवा इवलेसे दिसतात. दोन्ही स्क्रीनची पिक्सेलची घनता जवळपास सारखी असेल तर हा त्रास होत नाही.

मान दुखण्याचा मुद्दा मोलाचा आहे. दोन मॉनिटर सारखेच समोर मांडून मधल्या जोडापुढे बसलं, की दिवसभर मान वाकडी राहते. ड्रॉइंगचा मॉनिटर बरोबर नाकासमोर, हातभर अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली. दुसरा बाजूला, आपल्याकडे तिरका, आणि शक्यतो उभा. उभ्या २४ इंची स्क्रीनची रुंदी सुमारे ३०० मिमी असते, म्हणजे २१० मिमी रुंदीचं ए४ पान जवळजवळ दीडपट मोठं होऊन पूर्ण मावतं. तक्ते वाचायला यासारखी सोय नाही.

मेल आणि चॅट मात्र बंदच ठेवायचे. मॉनिटर एक असला तरी.

लॅपटॉपची स्क्रीन दुसरा मॉनिटर म्हणून चालेल का, हेही विचारलंत. चालेल, फक्त तो स्टँडवर उचलून घ्या आणि कीबोर्ड वेगळा लावा. नाहीतर प्रत्येक आकड्यासाठी मान खाली घालावी लागेल. त्यावर ड्रॉइंग ठेवू नका, पीडीएफ आणि तक्ते ठेवा. केबल काढल्यावर एखादं पॅलेट दिसेनासं झालं, तर त्यावर फोकस आणून विंडोज, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण एकत्र दाबून बघा, बहुतेक वेळा ते चालू स्क्रीनवर परत येतं.