काठीचं रबर लावलं म्हणजे वेताची तलवार सुरक्षित होत नाही

गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत लाठीकाठी आणि दांडपट्टा बघून ठाण्यातली बरीच मुलं मर्दानी खेळांच्या वर्गाला येऊ लागतात. त्यांच्या पालकांमध्ये सरावाच्या वेताच्या तलवारींबद्दल सध्या एक सल्ला फिरतोय. वेत लवचिक असतो, टोचला तरी लागत नाही. टोकाला म्हाताऱ्यांच्या काठीचं रबर नाहीतर टेनिसचा बॉल बसवा, डोक्यावर क्रिकेटचं हेल्मेट घाला आणि बिनधास्त टोकाचे, म्हणजे टोचायचे, वार करा. जुन्या काळी तर एवढंही नव्हतं. असा सगळा मजकूर. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य घातक आहे.

वेत लवचिक असतो, पण आडवा. उभा दाबला की तो खांबच. तलवारबाजीतल्या (फेन्सिंग) फॉइल या हलक्या तलवारीचं पातं छातीला टेकताच वाकून कमान होतं, कारण ते जेमतेम काही मिलिमीटर जाड असतं. गोल दांड्याचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १० मिमीच्या छडीपेक्षा ३० मिमीचा वेत ८१ पट ताठ. मुलगा पाऊल टाकून पुढे झेपावतो तेव्हा त्याच्या अंगाचा जोर त्या वेतातून थेट समोरच्याच्या बरगडीवर उतरतो. बांबूपेक्षा वेत बरा, यात वाद नाही. तो भरीव असतो, धारदार कपच्या न उडता त्याचे तंतू सुटत जातात. पण हा फायदा मोडण्यापुरता आहे, टोचण्यापुरता नाही.

आता ते रबर. औषधाच्या दुकानातून एक आणून अंगठ्याने दाबून बघा. जवळजवळ दबतच नाही, कारण ते काठी घसरू नये आणि काठीची नळी खालून बाहेर येऊ नये म्हणून बनवलेलं असतं. पुष्कळदा तळाशी लोखंडी चकतीही असते. टेनिसचा बॉल वेतावर चढवायला भोक पाडलं की आतली हवा गेली, आणि पहिल्याच वाराला वेत बॉलच्या पलीकडच्या कातड्याला आतून जाऊन टेकतो.

अमेरिकेत १९६६ साली सुरू झालेली सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम ही संस्था चिलखत घालून वेताच्या तलवारींनी लढते. त्यांच्या नियमात टोक किमान सव्वा इंच रुंद हवं आणि ते किमान अर्धा इंच, हळूहळू घट्ट होत, दबलं पाहिजे. आतला वेत लागता कामा नये. मात्र हा सव्वा इंच उचलताना त्याचा जोडीदार नियम सोडून चालणार नाही: त्यांच्या शिरस्त्राणाच्या जाळीत एक इंचापेक्षा मोठी फट चालत नाही.

क्रिकेटचं हेल्मेट चेंडू अडवण्यासाठी असतं. चेंडूचा व्यास सुमारे ७.२ सेमी, म्हणून जाळी आणि वरची कड यांतली फट त्याच बेताने ठेवलेली असते. सव्वा इंच म्हणजे जेमतेम ३.२ सेमी. ते टोक त्या फटीतून सरळ आत जाऊ शकतं, आणि डोळ्याची खोबण साधारण ४ सेमी रुंद असते. हेल्मेट टेबलावर ठेवा आणि आपल्या तलवारीचं टोक प्रत्येक फटीत घालून बघा. कुठेही शिरलं, तर चेहऱ्याकडे वार करायचाच नाही. गळा तर उघडाच राहतो.

फेन्सिंगचा मास्क घातला तरी बेफिकीर होऊ नये. १९८० च्या ऑलिंपिकचा फॉइल विजेता व्लादिमीर स्मिर्नोव १९८२ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याचं मोडलेलं पातं मास्कमधून डोळ्यात घुसून दगावला. त्यानंतर मास्क, पोशाख आणि पात्याचं पोलाद, तिन्हींचे नियम कडक झाले.

‘फोम जितका मऊ तितका चांगला’ हेही खरं नाही. सोफ्यातला मऊ फोम एका झटक्यात चपटा होतो. वेताची कड आधी गोल घासून घ्या, त्यावर जाड चामड्याची चकती, मग योगा मॅटसारख्या घट्ट फोमच्या चकत्या, मऊ थर सगळ्यात पुढे. चकत्या वेतापेक्षा बऱ्याच रुंद हव्यात, आणि टोकावर अशी तयार झालेली टोपी रुंदीपेक्षा लांब नको. लांब टोपी आडवी मुडपते आणि उघडा वेत पुढे येतो. चिकटपट्टी आवळून गुंडाळली तर फोम आधीच दबून बसतो.

एखादी महिनोन्महिने वापरलेली टोपी उभी चिरून बघा. चामडं नसेल तर आत वेताच्या मापाचं गोल भोक पडलेलं दिसेल, बाहेरून मात्र ती धडधाकट वाटते. म्हणून दर सरावाआधी टोक भिंतीवर जोराने दाबायचं; कडक लागलं की ती टोपी बाद. आपल्याकडच्या पावसाळ्यात गोंद सुटतो, तेव्हा ओढूनही बघायचं.

राहिला जुन्या काळाचा दाखला. फरी-गदगा या मर्दानी खेळातला गदगा, म्हणजे तलवारीऐवजी वापरायची काठी, चामड्याने मढवलेला असतो आणि दुसऱ्या हातात ढालीसारखी फरी असते. सरावात समोरचा जखमी होऊ नये याची काळजी त्याही लोकांना होती.

टोपी लावलेल्या तलवारीच्या टोकाला वेगळ्या रंगाची पट्टी लावा. समोरच्याला लांबूनच कळलं पाहिजे की या तलवारीने टोकाचा वार येऊ शकतो. ज्या वेतावर ती पट्टी नाही, त्याने फक्त आडवे वार.