‘ज्याच्या हाताला काम असतं त्याला लिहायला वेळ नसतो’ म्हणणाऱ्या काकांना उत्तर

कोल्हापूरच्या जुन्या चित्रकारांवरच्या मागच्या लेखाखाली ‘जुना कोल्हापूरकर’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. तिथल्या तिथे दोन ओळी लिहून विषय संपवावा असं आधी वाटलं होतं, पण लिहायला बसले तर ते दोन ओळीत मावेना, म्हणून इथे वेगळंच टाकतेय. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी प्रतिक्रिया आहे तशी देते.

“ताई, लिहिता बरं. पण एक सांगतो, राग मानू नका. ज्याच्या हाताला खरं काम असतं त्याला लिहायला वेळ नसतो. आम्ही लहानपणी नाटकाचे पडदे रंगवताना बघितलेली माणसं, तिथं कोण लेख लिहीत बसत नव्हतं. शाहू स्मारकला तुमचं प्रदर्शन बघितल्याचं आठवत नाही. आबालाल, बाबूराव पेंटर सगळ्यांना माहीत आहेत, त्यात नवीन काय? फोटोपण पिवळे. आधी चित्रं काढा, मग लोकांना शिकवा.”

काका, तुम्ही स्वतःला जुने म्हणवता म्हणून काका म्हणते. टीकेचं मला वावडं नाही, इथे नेहमी वाचणाऱ्यांना ते माहीत आहे. पण ‘राग मानू नका’ असं आधी लिहायचं आणि मग समोरच्याच्या अख्ख्या कामावर बोळा फिरवायचा, ही कुठली पद्धत? राग येणार हे तुम्हाला माहीत होतं, म्हणूनच ते वाक्य आधी घातलंत ना. आणि हे सगळं टोपणनावाने. मी माझ्या नावाने लिहिते, बोर्डवर माझा नंबर आहे, क्लासला कुणीही येऊन बसू शकतं. माझ्या हाताला काम आहे की नाही ते बघायचं होतं तर यायचं, चहा दिला असता.

फोटो पिवळे आलेत, हे बरोबर. रात्री बल्बखाली मोबाईलवर काढले होते. दिवसाउजेडी पुन्हा काढून टाकते. त्यात तुमचं शंभर टक्के खरं.

आता ते वाक्य. ज्याच्या हाताला खरं काम असतं त्याला लिहायला वेळ नसतो. कालपासून हे डोक्यातून जात नाहीये, कारण हे फक्त तुम्ही म्हणत नाही. माझ्या नातेवाइकांनी म्हणून झालंय, आमच्या लाइनमधल्या एक-दोघांनी तोंडावर म्हणून झालंय, आणि दर वेळी मी हसून सोडून दिलं. या वेळी नाही सोडणार.

माझं काम काय ते आधी सांगते. सकाळी मुलांचा क्लास, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांचा. स्मरणचित्र, वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन, परीक्षा जवळ आली की पालक ताटकळत उभे असतात आणि पोरांच्या वर्तुळाच्या कंपासची टोकं हरवलेली असतात. गणपतीच्या आधी शाहूपुरीत कुंभार गल्लीत आखणीला, म्हणजे मूर्तींचे डोळे रेखायला जाते, ते दिवस जेवणाचं भान नसतं. आणि वर्षभर पोर्ट्रेट. लोक रेशनकार्डावरचा, नाहीतर लग्नातल्या ग्रुप फोटोतला अंगठ्याच्या नखाएवढा चेहरा घेऊन येतात आणि म्हणतात, आजोबा मोठे करून द्या, ऑइलमध्ये, सोफ्याच्या वर लावायचेत. फोटो ब्लॅक अँड व्हाइट. फेटा कुठल्या रंगाचा होता? थोरला मुलगा म्हणतो गुलाबी, आत्या म्हणते छे, केशरी, आणि मग माझ्यासमोर त्यांचं भांडण लागतं. डोळ्यातला तो पांढरा ठिपका फोटोत नसतोच, तो मला उजेडाची दिशा कपाळावरून आणि नाकाच्या शेंड्यावरून ओळखून द्यावा लागतो. जरासा बाजूला पडला की माणूस तिरळा दिसतो, जास्त मोठा झाला की रडल्यासारखा. परवाच एका आजींनी पूर्ण झालेलं चित्र बघून पदर डोक्यावर ओढला, समोर मालक बसलेत असं वाटून. हे खरं काम नाही का? की शाहू स्मारकच्या कलादालनाच्या भिंतीवर लागलं तरच ते खरं?

आणि वेळेचं म्हणाल तर ऑइलमध्ये काम करणाऱ्या माणसाला तुम्ही वेळेबद्दल शिकवू नका, प्लीज. ऑइल कलर पाण्यासारखा उडून वाळत नाही, त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होत जातं, आणि ते त्याच्या मर्जीने होतं. बर्न्ट अंबर या तपकिरी रंगात मँगनीज असतं, तो लवकर वाळतो. आयव्हरी ब्लॅक हा काळा आणि अलिझरिन हा लाल दिवसचे दिवस हाताला लागतात. आता आजोबांचा कोट काळा, त्याच्यावर पुढचा थर द्यायचा तर खालचा नीट धरलेला हवा, नाहीतर पुढे जाऊन भेगा पडणार आणि शिव्या मला बसणार. त्यात आपल्याकडचा पावसाळा, राधानगरीकडून ढग उतरले की आठवडाभर सूर्य नाही, कॅनव्हास ढोलकीच्या सैल पानासारखा लोंबतो. तेव्हा मी काय करावं? कोटाकडे बघत बसू? मी त्या वेळात लिहिते. क्लास सुटल्यावर लिहिते, कुकरच्या शिट्ट्या मोजत मोबाईलवर लिहिते, आणि तुम्हाला ते रिकामपणाचं लक्षण वाटतं.

एक विचारते, आणि हे मनापासून विचारते. हेच लेख एखाद्या दाढीवाल्या सरांनी लिहिले असते तर तुम्ही त्यांना ‘आधी चित्रं काढा’ म्हणाला असता? त्यांना अभ्यासू म्हणाला असता, सत्काराला बोलावलं असतं. पुरुष लिहितो तेव्हा तो विचार करत असतो आणि बाई लिहिते तेव्हा तिला घरात काम नसतं, हे मी खूप ऐकलंय.

शिवाय कोल्हापुरात बसून हे वाक्य बोलावं याचं मला जास्त वाईट वाटतं. माधवराव बागल माहीत असतील. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला चित्रकार माणूस, संस्थानात प्रजा परिषदेची चळवळ चालवली, तुरुंगात गेले, बिंदू चौकात फुल्यांचा आणि बाबासाहेबांचा पुतळा 1950 मध्ये उभा राहिला तो त्यांच्या पुढाकाराने, बाबासाहेब हयात असताना. आणि एवढं सगळं करून त्यांनी इथल्या चित्रकारांवर भरभरून लिहिलं. बाबूराव सडवेलकर इथलेच. चित्रं काढली, जे. जे. मध्ये शिकवलं, राज्याचे कलासंचालक झाले, आणि सोबत चित्रकारांवर लिहीत राहिले. यांच्या हाताला काम नव्हतं? आज आपण आपल्या गावाला कलापूर म्हणून कॉलर ताठ करतो ना, त्यातलं निम्मं तरी अशा लोकांनी लिहून ठेवलं म्हणून आपल्याला ठाऊक आहे.

‘सगळ्यांना माहीत आहे’ म्हणता. काय माहीत आहे? चित्रकार आबालाल रहिमान म्हटलं की जो तो एकच गोष्ट सांगतो, शाहू महाराज 1922 मध्ये गेले आणि त्या दुःखात आबालालांनी आपली चित्रं कोटीतीर्थ तलावाच्या पाण्यात टाकली. गोष्ट सांगायला सोपी आहे, ऐकणाऱ्याच्या डोळ्यात पाणी येतं. पण त्यांच्या रंकाळा तलावाच्या चित्रांसमोर उभं राहून पाणी कसं लावलंय ते कोण बघतं? कागद किती ओला असताना दुसरा रंग सोडला असेल, दगडाची कड कुठे तीक्ष्ण ठेवलीय आणि कुठे पाण्यात विरघळू दिलीय, कागदाचाच पांढरा कुठे राखलाय, हे ज्याने स्वतः वॉटरकलर बिघडवलेत त्यालाच दिसतं हो. बाबूराव पेंटर म्हटलं की कॅमेरा आणि सिनेमा. त्यांचे भाऊ आनंदराव 1916 मध्ये गेले, बाबूरावांनी देशी कॅमेरा पुरा केला, 1920 ला सैरंध्री आला, एवढं झालं की आपलं संपलं. पण सिनेमाच्या आधी हे दोघं भाऊ पडदे रंगवायचे, त्या हातानेच पुढे सिनेमातले महाल उभे केले, यावर मी लिहायला घेतलं की तुम्ही म्हणणार नवीन काय.

आता एक घरचं सांगते, हे मी इथे आधी लिहिलेलं नाही.

मी ज्यांच्याकडे हात धरायला शिकले ते आमचे सर बोर्ड पेंटर होते. नाव लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. दुकानाच्या पाट्या, टेम्पोच्या मागच्या फळ्या, तालमीचे बोर्ड. मनगटाखाली काठी धरायची, दोरीला खडू लावून रेघ मारायची, आधी सगळी अक्षरं उभी करायची आणि शिरोरेषा शेवटी, एका दमात, डावीकडून उजवीकडे, मधे थांबला की रेघ कळते. दोन अक्षरांमधली जागा पट्टीने मोजायला गेलं की ओरडायचे. म्हणायचे, ‘र’ आणि ‘स’ मधली जागा मोजून सारखी ठेवलीस तर ती दिसायला सारखी दिसणार नाही, डोळे बारीक करून बघ, सगळीकडे सारखाच काळोख दिसला पाहिजे. फ्लेक्स आले आणि त्यांचं काम गेलं. तक्रार केली नाही त्यांनी, पण सगळे नमुने जपून ठेवले होते, ट्रेसिंग पेपरवर काढलेली अक्षरं, पाट्यांची छोटी रंगीत कच्ची चित्रं, एका लोखंडी ट्रंकेत, तळमजल्यावर.

2019 च्या पुरात ती ट्रंक पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर आम्ही उघडली तेव्हा आत एकच राखाडी गठ्ठा होता. वरचा कागद सोडवायला गेले तर बोटांना पिठासारखा चिकटला. एक ‘ण’ तेवढा दिसत होता, लाल रंगाचा, अर्धा. सर बघत उभे होते, काही बोलले नाहीत, ट्रंक धुवून उन्हात ठेवा म्हणाले. पुढे ते फार दिवस राहिले नाहीत.

त्यांचं जे काही आज शिल्लक आहे ते माझ्या वहीत आहे. कारण मी विद्यार्थी असताना ते बोलायचे ते रात्री घरी येऊन लिहून काढायचे, आणि तेव्हाही लोक हेच म्हणायचे, लिहीत काय बसलीस, हात चालव. त्या वहीतलंच मी इथे लिहिते. आज कुठलातरी डिझायनर पोरगा पुण्यात बसून मेसेज करतो की मॅडम, ते अक्षरांमधल्या काळोखाचं वाचून माझा लोगो सुधारला. सरांचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलं ते मी ‘लिहीत बसले’ म्हणून. ज्यांच्या हाताला काम होतं आणि ज्यांनी लिहिलं नाही, त्यांच्या कामाचं काय झालं ते मी त्या ट्रंकेत बघितलंय, काका. तुम्ही मला हे वाक्य ऐकवू नका.

‘लोकांना शिकवा’ हेही खटकलं. मी कुणाला शिकवायला बसलेली नाही, क्लासमध्ये शिकवते त्याची फी घेते. इथे मी काम करताना जे सापडतं ते सांगते, घ्यायचं त्याने घ्यावं.

प्रदर्शनाबद्दल: हॉलचं भाडं, फ्रेमिंग, पत्रिका, गाडीभाडं हे सगळं खिशातून घालून आठवडाभर दारात उभं राहायचं की त्या आठवड्यात दोन घरांचे आजोबा पूर्ण करून द्यायचे, हा माझ्या घरच्या हिशोबाचा प्रश्न आहे आणि तो मी तुमच्याशी बोलणार नाही. माझी चित्रं भिंतीवर आहेत. ती लोकांच्या घरच्या भिंती आहेत एवढंच.

राहता राहिली तुमची एक गोष्ट, आणि खरं सांगायचं तर तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेत मला तेवढ्यातच रस आहे. तुम्ही नाटकाचे पडदे रंगवताना बघितलेत. 2024 च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा आपण सगळे रडलो, व्हॉट्सॲपवर जळक्या कमानींचे फोटो फिरवले, पॅलेस थिएटर या त्याच्या 1915 च्या जुन्या नावाच्या आठवणी काढल्या. पण तसल्या रंगमंचावर जे पडदे लागायचे ते रंगवायचे कसे हे आता विचारायला गेलं तर माणूस सापडत नाही. पुडीचा रंग आणि तो कापडाला धरून ठेवणारा चिकट सरस, एवढं मला माहीत आहे. ओला असताना तो गडद दिसतो आणि वाळला की पार उजळ होतो, म्हणजे रंगवणाऱ्याला उद्या काय दिसणार हे आज डोक्यात धरूनच हात चालवावा लागत असणार. सरस कमी पडला तर रंग हाताला येतो, जास्त झाला तर पडदा गुंडाळताना पोपडे सुटतात. मग प्रमाण काय धरायचे? सरस रात्रभर भिजवून मंद आचेवर विरघळवायचे की सरळ उकळायचे? कापडाला आधी खळ द्यायची का? पडदा जमिनीवर अंथरून त्यावर चालत रंगवायचे की उभा टांगून? जंगलाच्या पडद्यात लांबची झाडं निळी करताना नीळ घालायचे का? आणि आपल्या पावसाळ्यात तो सरस कुजायचा त्याच्या वासाचं काय करायचे?

तुम्ही तिथे होतात, मी नव्हते. पुढचा लेख मी पडद्यांवरच लिहायला घेतलाय आणि या प्रश्नांपाशी अडलेय. यातलं जे आठवत असेल ते खाली लिहा, शुद्धलेखनाची काळजी करू नका, टायपिंग जमत नसेल तर फोन करा, मी लिहून घेते. फक्त या वेळी नाव लिहा, म्हणजे लेखात तुमचं नाव घालता येईल.