चार्टर शाळा म्हणजे खासगीकरणच का? एका मुख्याध्यापकांना उत्तर

सर, नमस्कार.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरात सुरू झालेल्या सिटी अकॅडमी या पहिल्या चार्टर शाळेवरचा माझा लेख तुम्ही पूर्ण वाचलात आणि इतक्या तळमळीने लिहिलंत, म्हणून उत्तरही मोठं देते आहे. तुमचं म्हणणं असं : चार्टर शाळा, म्हणजे सरकारी पैशावर, पण ठरावीक मुदतीच्या करारावर बिगरसरकारी संस्थेने चालवलेली शाळा, हे खासगीकरणाचं गोंडस नाव आहे. पैसा सरकारचा आणि सत्ता संस्थाचालकांची, हा प्रकार तुम्ही सातारा जिल्ह्यातल्या अनुदानित शाळेत तीस वर्षं सोसला आहे, आणि अमेरिकेत राहून त्याचं कौतुक करणं मला सोपं जातं. शेवटी तुम्ही विचारलंत, 'शाळा बंद पडली तर पोरांनी जायचं कुठे?' त्या प्रश्नाकडे शेवटी येते.

आधी माझी चूक कबूल करते. '१९९१च्या कायद्याने मिनेसोटात कुणालाही शाळा काढायची मुभा मिळाली' असं मी लिहिलं होतं. ते चुकलं. मूळ कायदा हात राखूनच केलेला होता. साऱ्या राज्यात मिळून फक्त आठ शाळा. प्रत्येकीला एखाद्या शाळा मंडळाने, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाने, पुरस्कृत करायचं, वर राज्याच्या शिक्षण मंडळाचीही मंजुरी घ्यायची. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही, धार्मिक शिक्षण नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढायची. हा कायदा रेटणाऱ्या सिनेटर एम्बर रायकगॉट यांना एवढी काटछाट मनापासून नको होती. तरीही देशातला असा पहिला कायदा तोच ठरला.

पण त्या कायद्यातली एक अट मी लेखात एका ओळीत उरकली, आणि तुमचं पत्र वाचल्यावर वाटलं की सगळं तिथेच अडलेलं आहे. शाळेच्या संचालक मंडळात त्याच शाळेत शिकवणारे शिक्षक बहुसंख्य असले पाहिजेत, ही ती अट. सर, तुमच्या संस्थेच्या कार्यकारिणीत किती शिक्षक होते? भरती, बदली, बांधकाम, देणग्या हे निर्णय जिथे होत, त्या खोलीत तुम्हाला कधी मत होतं का? सरकारी पैशावर बिगरसरकारी संस्था शाळा चालवते, एवढ्यापुरतं तुमच्या शाळेचं आणि सिटी अकॅडमीचं साम्य मला मान्य आहे. पण निर्णयाच्या खुर्चीत कोण बसतं, यावर शाळेचा सगळा स्वभाव ठरतो.

सिटी अकॅडमी उभी कशी राहिली ते आठवा. मिलो कटर आणि टेरी क्रेबल हे दोघे शिक्षक. शाळा सोडून दिलेली, कामधंदा नसलेली शहरातली मुलं त्यांना दिसत होती. नेहमीच्या मोठ्या हायस्कुलात ही मुलं परत जाणार नाहीत हेही त्यांना कळत होतं. विनोना गावातल्या एका माँटेसरी शाळेला मान्यता आधी मिळाली होती, पण प्रत्यक्षात पहिली घंटा वाजली ती १९९२च्या सप्टेंबरात सेंट पॉलमध्ये. महापालिकेच्या क्रीडा केंद्राची इमारत आणि मोजकेच विद्यार्थी. पुरस्कृत करणारं होतं सेंट पॉलचंच शाळा मंडळ, म्हणजे ज्यांच्या शाळांतून ही मुलं गळली होती तेच. माझ्या मते या हकिकतीतला सगळ्यात मोठा मनाचा मोठेपणा तोच आहे.

कल्पनेचा उगमही पाहा. 'चार्टर' हा शब्द मॅसॅच्युसेट्समधले प्राध्यापक रे बडी यांचा. १९८८ साली तो देशभर नेला अल्बर्ट शँकर यांनी, आणि ते शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष होते. शिक्षकांनी एकत्र येऊन वेगळं काही करून पाहावं, ठरावीक मुदतीचा करार असावा, जमलं नाही तर थांबावं, एवढीच मांडणी होती. पुढे यात कंपन्या शिरू लागल्या तेव्हा शँकर स्वतःच याचे टीकाकार झाले. म्हणजे तुम्ही जे बोलताय ते या कल्पनेच्या मोठ्या पुरस्कर्त्यानेही बोलून दाखवलं होतं, आणि त्याची भीती रास्त होती. आज मिशिगनमधल्या बहुसंख्य चार्टर शाळांचा कारभार नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांकडे आहे. मिनेसोटातही शिक्षकांच्या बहुमताची ती मूळ अट पुढे सैल करण्यात आली. माझ्या लेखी या कायद्याच्या इतिहासातला सगळ्यात वाईट बदल तो.

गुणवत्तेबद्दल तुम्ही आकडे मागितलेत. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या क्रेडो या केंद्राने २००९ साली गणितातली प्रगती तपासली, तेव्हा १७ टक्के चार्टर शाळा आसपासच्या सरकारी शाळांपेक्षा सरस निघाल्या, ३७ टक्के कमी पडल्या, उरलेल्यांत फरक दिसला नाही. त्याच केंद्राच्या २०२३च्या अहवालात सरासरी थोडी चार्टरच्या बाजूने झुकली आहे. चार्टर म्हटलं की शाळा चांगलीच, असं यातून निघत नाही. मीही तसं म्हणणार नाही.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण लपवून मी उत्तर देऊ शकत नाही. आमच्या या जुळ्या शहरांत, म्हणजे मिनिआपोलिस आणि सेंट पॉलमध्ये, कितीतरी चार्टर शाळा जवळजवळ एकाच समाजाच्या आहेत. आग्नेय आशियातून आलेल्या हमाँग समाजातल्या मुलांच्या, सोमाली मुलांच्या. त्यांच्या पालकांशी बोललं की कळतं, आपली भाषा कानावर पडते, मुलाला कुणी हसत नाही, याचं त्यांना किती मोल आहे. मराठी शाळेसाठी रविवार राखून ठेवणाऱ्या मला ते पटकन समजतं. पण मुलं अशी वेगवेगळी वाटली जाण्याविरुद्ध काही पालकांनी २०१५ साली राज्यावर दावा लावला, आणि सगळ्या वंशांची मुलं एकत्र शिकावीत यासाठीच्या नियमांतून चार्टर शाळांना दिलेली सूटही त्यात वादाचा मुद्दा झाली. या प्रश्नावर माझं मत अजून पक्कं झालेलं नाही.

महाराष्ट्रात हे आणा, असं मी लेखात कुठेही म्हटलेलं नाही, आणि आजही म्हणत नाही. 'कायम विनाअनुदानित'मधला 'कायम' हा शब्द निघायला २००९ उजाडलं, आणि त्यानंतरही शिक्षक पगारासाठी आझाद मैदानात बसत राहिले. ज्या राज्यात शिक्षकाला आधी पगारासाठीच भांडावं लागतं, तिथे 'स्वायत्तता घ्या, जबाबदारी घ्या' म्हणणं क्रूरपणाचं होईल. इथे तुमच्याशी माझा वादच नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. चार्टर शाळा बंद पडतात, आणि करार मोडण्याची तरतूद हा या पद्धतीचा गुण म्हणून सांगितला जातो. मीही सांगितला. पण आमच्याच गल्लीतल्या एका मुलीची शाळा भर हिवाळ्यात बंद झाली. पैशांचा हिशेब जुळला नव्हता. तिचे वडील कागदपत्रांची फाइल घेऊन दोन चार्टर शाळांत गेले, दोन्हीकडे जागा भरलेल्या. मग ते कोपऱ्यावरच्या जिल्हा शाळेत, म्हणजे शाळा मंडळाच्या नेहमीच्या सरकारी शाळेत गेले. तिथल्या कारकून बाईंनी पत्ता पाहिला, फाइल पुरती उघडलीही नाही, आणि सोमवारपासून पाठवा म्हणाल्या. त्या शाळेला कुणालाही 'जागा नाही' म्हणता येत नाही. आणि तरीही प्रत्येक मूल चार्टरकडे वळलं की त्याच्यामागचा पैसा याच शाळेतून जातो. ते पैसे कुणी भरून काढायचे, याबद्दल माझ्या लेखात एक शब्द नव्हता. तो भाग मी आता लेखात घालते आहे, आणि तो तुमच्या प्रश्नामुळे आला, हेही तिथे लिहिते.

आपली नम्र