कॅरॅव्हॅनमध्ये घरचा इन्व्हर्टर : एका फिरत्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

सातारा-सांगली भागातील भटक्या मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक संदेश पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जात आहे. गाडीमागे ओढायची कॅरॅव्हॅन किंवा टेम्पोचे केलेले फिरते घर ज्यांच्याकडे आहे, त्यांनी वीजव्यवस्थेवर लाख-दीड लाख रुपये घालवू नयेत, असे त्यात सांगितले आहे. घरातला जुना इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी उचलून पलंगाखाली ठेवावी, ती गाडीच्या डायनॅमोला जोडावी आणि टपावर १०० वॅटचे एक पॅनल टाकावे, म्हणजे रात्रभर एसी चालतो. जाड केबल, वेगळे फ्यूज आणि आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हे दुकानदारांनी काढलेले खर्च आहेत. लिथियम बॅटरीच्या वाटेला जाऊ नये, कारण ती फुटते. आणि हे सगळे कोणताही घरगुती वायरमन अर्ध्या दिवसात करून देतो, असा त्या संदेशाचा आशय आहे.

साताऱ्यात अशा वाहनांचे वायरिंग करणे हे माझे रोजचे काम आहे. हा संदेश वाचून त्याप्रमाणे जोडणी केलेली वाहने दुरुस्तीला येऊ लागली आहेत आणि त्यांत झोपणारी माणसे, लहान मुले मी पाहिलेली आहेत, म्हणून प्रत्येक दाव्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

रात्रभर एसी चालण्याचा दावा आधी घेऊ, कारण लोक त्यालाच भुलतात. १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. परंतु हा आकडा २० तासांच्या हिशेबाने दिलेला असतो. म्हणजे साडेसात अँपिअर या संथ गतीने वीज काढली तर ती २० तास पुरते. एक टनाच्या एसीचा कॉम्प्रेसर पूर्ण जोरात चालू असताना सुमारे १००० वॅट घेतो आणि इन्व्हर्टरमधील घट धरली तर बॅटरीतून जवळपास १०० अँपिअर खेचले जातात. इतक्या वेगाने वीज ओढली की लेड-ॲसिड बॅटरी (ट्यूब्युलर हा तिचाच प्रकार) तिच्या छापील क्षमतेच्या निम्म्याच्या आसपासच देते. सरळ हिशेब केला तर पाऊण तास मिळाला तरी पुष्कळ झाला. शिवाय दररोज तळापर्यंत रिकामी केलेली लेड-ॲसिड बॅटरी लवकर निकामी होते, त्यामुळे जुनी बॅटरी वापरून वाचवलेले पैसे नवी बॅटरी घेण्यात जातात.

एसी खरोखरच रात्रभर चालवायचा असेल तर काय लागते, तेही सांगितले पाहिजे. खोली एकदा गार झाल्यावर इन्व्हर्टर एसीचा सरासरी वापर ५०० वॅट धरला, तरी आठ तासांचे ४ युनिट होतात आणि घट धरून साडेचार युनिटांच्या वर जातात. त्यासाठी लिथियम आयर्न फॉस्फेट (थोडक्यात लिथियम फॉस्फेट) प्रकारच्या ४०० अँपिअर-तासांच्या बॅटऱ्या लागतील, आणि एवढी ऊर्जा दुसऱ्या दिवशी परत भरायलाही कुठे तरी वीजजोडणी शोधावी लागेल. माझे स्पष्ट मत असे आहे की आपल्याकडे बॅटरीवर एसी चालवण्याचा हट्ट धरूच नये. महाबळेश्वर-पाचगणीच्या उंचीवर रात्री त्याची गरज पडत नाही, आणि सांगली, मिरज, जत या भागांत एप्रिल-मे महिन्यांत ती पडते तेव्हा वीजजोडणी असलेला मुक्काम निवडावा. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज, कमी वीज खाणारे दोन बीएलडीसी पंखे, एलईडी दिवे, पाण्याचा छोटा पंप, फोन आणि लॅपटॉप एवढ्यांची बेरीज दिवसाला साधारण दीड युनिट होते, आणि २०० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी, म्हणजे सुमारे अडीच युनिट, त्याला आरामात पुरते.

जाड केबल हा खर्चाचा बहाणा आहे, हा दावा मला सर्वांत घातक वाटतो. घरात २३० व्होल्टवर १००० वॅटला साडेचार अँपिअरही लागत नाहीत, म्हणून घरची वायर बारीक असली तरी चालते. तेच १००० वॅट १२ व्होल्टवर घेताना १०० अँपिअर लागतात. बॅटरीपासून इन्व्हर्टर दोन मीटरवर असेल तर जाऊन-येऊन चार मीटर तार होते. ती ६ स्क्वेअर एमएमची असेल तर तांब्याच्या रोधाच्या हिशेबाने १०० अँपिअरला त्या तारेत १.१ व्होल्टपेक्षा जास्त दाब हरवतो आणि जवळपास ११५ वॅट उष्णता त्या तारेतच तयार होते. तीच केबल ३५ स्क्वेअर एमएमची घेतली तर दाब ०.२ व्होल्टच पडतो आणि उष्णता २० वॅटच्या आसपास राहते. पाच एचपीच्या मोटारीचे पाणी अर्ध्या इंची नळीतून नेण्याचा विचार कृष्णाकाठचा कोणताही शेतकरी करणार नाही. विजेच्या बाबतीत मात्र तो सर्रास केला जातो.

याचा परिणाम प्रत्यक्षात कसा दिसतो, ते पाहण्यासारखे आहे. मालक येऊन सांगतात की बॅटरी खराब झाली आहे, कारण मिक्सर लावला की इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ दाखवून बंद पडतो. अशा वेळी मल्टिमीटर आधी बॅटरीच्या टर्मिनलवर लावावा आणि लोड चालू असतानाच लगेच इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर लावावा. बॅटरीवर १२.२ दिसतात आणि इन्व्हर्टरवर जेमतेम ११. मोटार सुरू होतानाच्या झटक्याला तर तो आकडा साडेदहाच्या खाली जातो, आणि तिथे इन्व्हर्टर स्वतःला बंद करतो. बॅटरी धडधाकट असते. लगवरची, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीवरची, बाही तपकिरी पडून कडक झालेली असते, नख लावले की तिचा तुकडा पडतो आणि आत तांबे काळवंडलेले दिसते. बऱ्याचदा तो लग हातोडीने ठोकून बसवलेला असतो. हायड्रॉलिक क्रिंपिंगने दाबलेला लग आणि ठोकलेला लग बाहेरून सारखेच दिसतात, पण खंबाटकी किंवा पसरणी घाटाचे धक्के खाल्ल्यावर ठोकलेल्यातल्या तारा ढिल्या होतात आणि तापतात.

फ्यूजबद्दल संदेशात असे म्हटले आहे की इन्व्हर्टरला आतून फ्यूज असतोच, मग वेगळा कशाला. आतला फ्यूज इन्व्हर्टरचे रक्षण करतो. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतची केबल त्याच्या आधी येते, त्यामुळे ती पत्र्याच्या कडेवर घासून सोलली गेली आणि लोखंडी चासीला टेकली, तर त्या फ्यूजला काही कळतही नाही आणि बॅटरी आपली सारी ताकद त्या एका ठिणगीत ओतते. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत असला पाहिजे, आणि त्याचे मूल्य केबलच्या क्षमतेवरून ठरवले पाहिजे. लिथियम बॅटरीसाठी तो क्लास टी प्रकारचा असावा, कारण शॉर्टसर्किट झाले तर तिच्यातून हजारो अँपिअर निघू शकतात आणि साधा फ्यूज वितळूनही त्यातली ज्योत विझेलच असे नाही. काही ठिकाणी घरातल्या बोर्डावरचा एमसीबीच (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) बॅटरीच्या लाइनवर लावलेला आढळतो. तो घरातल्या दिशा बदलत राहणाऱ्या (एसी) प्रवाहासाठी बनवलेला असतो; तिथे प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी विझायला वाव मिळतो. बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या (डीसी) प्रवाहात तो वाव नसल्यामुळे एमसीबी पडूनही आत ज्योत पेटती राहू शकते.

डायनॅमोला थेट जोडणी करण्याचा सल्लाही ओढायच्या कॅरॅव्हॅनला लागू पडत नाही. पुढच्या गाडीच्या अल्टरनेटरपासून (ज्याला बोलताना डायनॅमो म्हणतात) मागच्या बॅटरीपर्यंत सात मीटर अंतर धरले आणि दिव्यांच्या प्लगमधून येणारी २.५ स्क्वेअर एमएमची तारच वापरली, तर २० अँपिअरला जवळपास १.९ व्होल्ट वाटेतच पडतात. अल्टरनेटरने १४.२ व्होल्ट दिले तरी मागे १२.३ पोहोचतात. लेड-ॲसिड बॅटरी अशाने कधीच पूर्ण भरत नाही आणि तिच्या प्लेटांवर सल्फेट साचत जाते. लिथियमची अडचण उलटी आहे. केबल जाड असेल तर ती अल्टरनेटरकडून मिळेल तेवढा प्रवाह ओढते, आणि घाटात गाडी कमी वेगाने चढत असताना किंवा इंजिन आयडलवर असताना अल्टरनेटरचा पंखा संथ फिरत असल्यामुळे तो भाजून निघतो. बीएस-६ च्या अनेक गाड्यांत तर इंजिनाच्या गरजेनुसार अल्टरनेटर आपला दाब वरखाली करतो, त्यामुळे थेट जोडणीचा भरवसाच राहत नाही. यावर उपाय म्हणजे कॅरॅव्हॅनमध्ये बॅटरीजवळ डीसी-टू-डीसी चार्जर (येणारा दाब बॅटरीला हवा तसा करून देणारा) बसवणे आणि त्यासाठी स्वतंत्र जाड केबल व जड प्लग देणे. ३० अँपिअरचा चार्जर साताऱ्याहून कोयनानगरपर्यंतच्या प्रवासात दिवसाच्या वापराचा बराचसा भाग भरून काढतो.

लिथियम फुटते, या भीतीमागे कारण आहे, आणि ते मी नाकारत नाही. २०२२ मध्ये पुण्यासह देशात अनेक ठिकाणी इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या आणि ती दृश्ये सर्वांनी पाहिली. परंतु फिरत्या घरासाठी जी बॅटरी घ्यायची, ती लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची असते आणि निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारापेक्षा तिचे रसायन उष्णतेला बरेच स्थिर असते. धोका सुटे सेल आणून बिनछापाच्या बीएमएसवर (बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या सर्किटवर) घरी जोडलेल्या पॅकमध्ये आहे, आणि तो टाळलाच पाहिजे. दुसऱ्या बाजूला, ज्या ट्यूब्युलर बॅटरीला हा संदेश सुरक्षित म्हणतो, ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. घरात ती गॅलरीत किंवा जिन्याखाली असते. पलंगाखालच्या बंद कप्प्यात ठेवली तर वायू जाणार कुठे? शिवाय उंच ट्यूब्युलर बॅटरी एका जागी उभी राहण्यासाठी बनवलेली आहे. आंबेनळी घाटाच्या वळणावर ती कलली की ॲसिड सांडते, आणि पन्नास किलोंच्या वरचे ते वजन पट्ट्याने बांधलेले नसेल तर जोराच्या ब्रेकला ते सुटून पुढे येते.

लिथियम टाळा म्हणणाऱ्या त्याच संदेशात, जुनी लेड-ॲसिड आणि नवी लिथियम समांतर जोडून दुप्पट बॅकअप मिळवण्याची सूचनाही जाता जाता केली आहे. दोन्हींचे विश्रांतीचे व्होल्टेज आणि चार्जिंगची पद्धत वेगळी असल्यामुळे एक दुसरीला सतत भरत राहते. हे करू नये.

१०० वॅटचे पॅनल किती देते, हे कुठे उभे आहात त्यावर ठरते. आटपाडी, जत किंवा दहिवडीच्या उन्हात एप्रिलमध्ये ते दिवसाला ४०० वॅट-तासांच्या आसपास देईल. महाबळेश्वरात पावसाळ्यात ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे जुलैत त्याच पॅनलकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही, आणि कासच्या फुलांच्या दिवसांतही आभाळ बहुतेक वेळ भरलेलेच असते. झाडाखाली गाडी लावली तर पॅनलच्या एका कोपऱ्यावरची सावलीसुद्धा उत्पादन मोठ्या प्रमाणात घटवते. त्यामुळे हिशेब पावसाळी दिवसाचा धरावा.

आता आरसीसीबी. हा मुद्दा जिवाशी संबंधित आहे. कॅरॅव्हॅन म्हणजे रबरी टायरांवर उभा असलेला पत्र्याचा डबा. शेतातल्या मुक्कामावर विहिरीच्या मोटारीच्या बोर्डावरून किंवा गोठ्यातून वायर ओढून ती आत लावली जाते. त्या सॉकेटला अर्थिंग असेलच असे नाही, आणि फेज-न्यूट्रल उलटे असणेही नवे नाही. आत कुठे फेजची तार पत्र्याला टेकली तर संपूर्ण बॉडीत वीज उतरते. आत उभ्या माणसाला काहीच जाणवत नाही. ओल्या मातीवर उभा राहून दाराची मूठ धरणाऱ्याला धक्का बसतो. अनेकजण त्यावर जमिनीत एक सळई ठोकतात आणि निश्चिंत होतात. त्या सळईचा रोध ५० ओहम असेल, आणि कोरड्या मुरमाड जमिनीत तो याहून जास्त असतो, तर २३० व्होल्टला ४.६ अँपिअरच प्रवाह जमिनीत जातो; १६ अँपिअरचा एमसीबी त्याने पडत नाही आणि बॉडी जिवंतच राहते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र क्षणात पडतो. म्हणून सळई आणि आरसीसीबी दोन्ही हवेत.

इथेच घरचा इन्व्हर्टर आणखी एक अडचण उभी करतो. घराच्या बहुतेक इन्व्हर्टरांत न्यूट्रल आरपार जाते आणि तिचा जमिनीशी संबंध महावितरणच्या लाइनवरून येतो. बाहेरची वायर काढली की तो संबंध तुटतो, आणि मग इन्व्हर्टरवर चालू असताना आरसीसीबी बसवलेला असूनही गळतीला परत जायला मार्ग नसल्यामुळे तो पडत नाही. वाहनांसाठी बनवलेल्या चांगल्या इन्व्हर्टरमध्ये एक रिले असते. ती बाहेरची वीज नसताना न्यूट्रल बॉडीला जोडते आणि बाहेरची वीज आली की सोडते. इन्व्हर्टर घेताना ही सोय आहे का, हा प्रश्न दुकानात आधी विचारावा, वॅटचा आकडा त्यानंतर. लाट शुद्ध साइन असणेही गरजेचे आहे, कारण स्क्वेअर वेव्हवर फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि पंखे तापतात.

घरचा इन्व्हर्टर कुठेच उपयोगाचा नाही, असे मी म्हणत नाही. वाईजवळच्या मळ्यात वर्षभर एकाच जागी उभी असलेली, कायमची वीजजोडणी आणि पक्के अर्थिंग असलेली कॅरॅव्हॅन असेल, तर बॅटरी बाहेर हवेशीर पेटीत ठेवून त्याचा वापर करायला हरकत नाही.

घरगुती वायरमन अर्ध्या दिवसात हे करून देईल, या शेवटच्या दाव्याबद्दल एवढेच म्हणेन की तो २३० व्होल्टच्या कामात कितीही हुशार असला, तरी १०० अँपिअर डीसीचे काम त्याच्या नेहमीच्या हत्यारांत बसत नाही. काम कोणीही केले असो, गाडी ताब्यात घेण्यापूर्वी इन्व्हर्टरवर पूर्ण लोड लावून तो अर्धा तास चालू ठेवायला सांगावे, आणि त्या वेळी प्रत्येक लग, फ्यूज होल्डर आणि केबलचा सांधा इन्फ्रारेड थर्मामीटरने तपासावा. जो सांधा बाकीच्यांपेक्षा ठळकपणे जास्त तापलेला दिसेल, तो तिथेच उघडून नव्याने दाबून घ्यावा आणि चाचणी पुन्हा करावी.