हीण सोन्यात नव्हते, रुप्यात होते

‘रोमन सम्राट सोन्याच्या नाण्यांत तांबे मिसळत गेले, उरलेसुरले सोने मिरी-मलमलीपायी भारतात आले आणि म्हणून साम्राज्य बुडाले,’ असा संदेश सध्या सर्वत्र फिरतो आहे. त्यातील तिन्ही विधाने स्वतंत्रपणे तपासावी लागतात.

पहिल्या विधानात रुप्याचे पाप सोन्याच्या माथी मारलेले आहे. ऑगस्टसच्या टांकसाळीत सुमारे ७.८ ग्रॅमचे ऑरियस हे सोन्याचे नाणे पडत असे, नीरोने इ. स. ६४ च्या सुमारास ते ७.३ ग्रॅमवर आणले आणि कॅराकॅलाच्या काळी ते साडेसहा ग्रॅमवर उतरले. नाणे हलके झाले खरे, पण त्याचा कस ९८-९९ टक्क्यांच्या आसपास टिकून होता. हीण मिसळले गेले ते चांदीच्या नाण्यांत, इतके की २७० च्या आगेमागे त्यांत पाच टक्केही चांदी उरली नव्हती आणि तांब्यावर केवळ रुपेरी मुलामा दिसे. वलेरियन आणि गॅलिएनस यांच्या राजवटीत (२५३-२६८) सोन्याचाही कस उतरला, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र तो अपवाद ऑरेलियनने लवकरच दुरुस्त केला.

दुसऱ्या विधानामागे पहिल्या शतकातील रोमन लेखक थोरल्या प्लिनीची तक्रार आहे. भारत, चीन आणि अरबस्तान मिळून दरवर्षी दहा कोटी सेस्टर्स (रोमन हिशेबाचे छोटे नाणे), म्हणजे दहा लाख ऑरियस, ओढून नेतात असे तो लिहितो. संदेशात मात्र चीन-अरबस्तान सोयीस्करपणे गळाले आहेत. शिवाय चैनीवर कोरडे ओढणाऱ्या लेखकाचा आकडा हा काही खजिन्याचा हिशेब नव्हे. पूर्वेकडून येणाऱ्या मालावर २५ टक्के जकात रोमलाच मिळत होती. सोने इकडे आले, यात शंका नाही: १८९८ मध्ये पुदुकोट्टईला सापडलेल्या ५०१ ऑरियसांपैकी बहुतेकांवर सम्राटाच्या मुखावरच छिन्नीचा घाव आहे. पण ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचच्या आयातीत सोन्यारुप्याच्या नाण्यांबरोबर मद्य, तांबे, कथील, शिसे आणि पोवळेही नोंदवलेले आहे.

तिसरे विधान तर सनावळीपुढेच टिकत नाही. कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकाच्या आरंभी सुरू केलेले साडेचार ग्रॅमचे सॉलिडस हे नाणे ४७६ मध्ये पश्चिमेकडील साम्राज्य कोसळले तेव्हाही शुद्ध सोन्याचेच पडत होते, आणि पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपलने तो कस थेट अकराव्या शतकापर्यंत राखला.