‘दानपेटीत एक रुपयाही टाकू नका’ या आवाहनाचा प्रतिवाद

निवडणुका जवळ आल्या की एक संदेश मोबाइलवर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: महाराष्ट्रात सरकारी कायद्याचा जाच फक्त हिंदू मंदिरांना आहे, भाविकांनी दानपेटीत टाकलेला पैसा सरकार उचलते आणि मशिदी, मदरसे व चर्च यांच्यावर खर्च करते, शिवाय मंदिरांना जीएसटी भरावा लागतो, इतरांना तो माफ आहे, तेव्हा दानपेटीत एक रुपयाही टाकू नका, द्यायचेच असेल तर पुजाऱ्याच्या ताटात ठेवा. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांत देवळाच्या जीर्णोद्धाराला वर्षानुवर्षे हातभार लावणारी सश्रद्ध माणसेही असतात. म्हणूनच तो हसण्यावारी न नेता त्यातले एकेक विधान तपासून पाहणे इष्ट आहे.

मूळ कायदा १९५० सालचा, म्हणजे तेव्हाचा मुंबई आणि आताचा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम. त्याच्या दुसऱ्या कलमातील व्याख्येत मंदिर, मठ, वक्फ (मुस्लिमांची धर्मार्थ दिलेली मालमत्ता), चर्च, सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) आणि अग्यारी (पारशांचे अग्निमंदिर) ही सगळी नावे एकाच वाक्यात आलेली आहेत. मुंबईतील हाजी अली दर्ग्याचा न्यास याच कायद्याखाली नोंदलेला आहे. वक्फ मालमत्तांसाठी १९९५ मध्ये वेगळा केंद्रीय कायदा झाला आणि त्यांचा कारभार वक्फ मंडळाकडे गेला, हे खरे. पण त्यामुळे त्या मोकळ्या सुटल्या, असे मात्र झाले नाही. १९५० च्या या धर्मादाय कायद्यात प्रशासन निधीसाठी २ टक्क्यांच्या अंशदानाची, म्हणजे न्यासाने उत्पन्नातून द्यायच्या वाट्याची, तरतूद आहे, तर वक्फ कायद्यात मंडळाला द्यायच्या अंशदानाची मर्यादा निव्वळ उत्पन्नाच्या ७ टक्क्यांपर्यंत होती आणि २०२५ च्या दुरुस्तीने ती ५ टक्क्यांवर आली. या नियंत्रणाला आव्हान देणारा आणि आजही न्यायालयांत उद्धृत होणारा रतिलाल पानाचंद गांधी खटला सर्वोच्च न्यायालयात चालला, तेव्हा दाद मागणाऱ्यांत एका जैन मंदिराचे विश्वस्त होते आणि मुंबईच्या पारशी पंचायतीचेही विश्वस्त होते. जाच असलाच, तर तो कोणा एकाच धर्माच्या वाट्याला आला नव्हता, इतके यावरून दिसते.

त्याच खटल्याच्या १९५४ मधील निकालात संदेशातील दुसऱ्या आणि सर्वांत स्फोटक विधानाचेही उत्तर आहे. प्रशासन निधीचे अंशदान हा कर नसून शुल्क आहे, असे ठरवून न्यायालयाने ते कायम ठेवले. मात्र धार्मिक न्यासाचा मूळ हेतू पार पाडणे शक्य असतानाही त्याचा पैसा न्यायालयाला योग्य वाटेल त्या दुसऱ्या कामाकडे वळवता येईल, अशी जी मुभा कायद्यात होती, ती घटनाबाह्य ठरवली, कारण आपल्या संपत्तीचा विनियोग संस्थापकाने सांगितलेल्या धर्मकार्यासाठी करणे हा धार्मिक संप्रदायाचा अधिकार आहे. एका मंदिराचा पैसा दुसऱ्या मंदिराकडे वळवणेही जिथे इतके अवघड, तिथे तो दुसऱ्या धर्माकडे वळवण्याची वाट कायद्यात कुठे आहे, हे संदेशकर्त्याने दाखवून द्यायला हवे. सर्वसाधारण देवस्थानाचा पैसा विश्वस्तांच्या बँक खात्यात राहतो. न्यासांवर देखरेख करणाऱ्या धर्मादाय आयुक्तांकडे जातात ती लेखापरीक्षित हिशेबपत्रके.

पुरावा म्हणून नोव्हेंबर २०२४ मधील एक शासन निर्णय दाखवला जातो. वक्फ मंडळाच्या बळकटीकरणासाठी १० कोटी रुपये देण्याचा हा निर्णय निघाला आणि लगोलग मागेही घेतला गेला. ती रक्कम राज्याच्या तिजोरीतली होती, कोणत्याही दानपेटीतली नव्हती. तिजोरीतून असा खर्च करावा की नाही, यावर जरूर वाद घालावा. पण त्याच तिजोरीतून २०२४ मध्ये पंढरीच्या दिंड्यांना प्रत्येकी २० हजार रुपये जाहीर झाले आणि नाशिकच्या सिंहस्थाची व्यवस्थाही तिच्यातूनच होते, हे तो वाद घालताना विसरू नये.

आता संदेशात दडलेल्या खऱ्या दुखण्याकडे वळतो, कारण ते आहे आणि गंभीर आहे. पंढरपूरसाठी १९७३, प्रभादेवीच्या सिद्धिविनायकासाठी १९८० आणि शिर्डीसाठी २००४ असे स्वतंत्र कायदे झाले आणि तेथील समित्या नेमण्याचा अधिकार राज्य सरकारकडे आला. तेव्हापासून सत्ता बदलली की या समित्यांवरच्या जागा कार्यकर्त्यांची सोय लावण्यासाठी वापरल्या जातात, हे कोणत्याही पक्षाने नाकारू नये. शिर्डीच्या व्यवस्थापन समितीच्या नेमणुका मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये रद्द केल्या. त्याआधी, २०१८ मध्ये, निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी शिर्डी संस्थानकडून राज्याला ५०० कोटी रुपये बिनव्याजी देण्याचा निर्णय झाला होता; आणि २०२० मध्ये सिद्धिविनायक न्यासाने गरिबांना स्वस्तात थाळी देणाऱ्या शिवभोजन योजनेसाठी व मुख्यमंत्री सहायता निधीसाठी मिळून १० कोटी रुपये देण्याचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला. ही दोन्ही सरकारे वेगवेगळ्या आघाड्यांची होती. या पैशाचे लाभार्थी ठरवले होते ते कालव्याखालचे शेतकरी आणि थाळी घेणारे गरीब, म्हणजे बहुतांशी ज्यांच्या घरातून त्या दानपेट्या भरतात तीच माणसे. पण पाटबंधाऱ्यांचा खर्च करातून भागवायचा असताना सरकारने देवापुढे ओंजळ का पसरावी, साईंच्या चरणी शंभर रुपये वाहणाऱ्याच्या मनात कालवा होता का, आणि सरकारनेच नेमलेली समिती सरकारलाच कर्ज देते तेव्हा नाही कोण म्हणणार, हे प्रश्न उरतातच. माझ्या मते भाविकांनी चिडावे असे हेच ठिकाण आहे, आणि नेमके तेच ‘मशिदीला पैसा गेला’ या कहाणीखाली झाकले जाते, त्यामुळे समित्या वाटून घेणाऱ्यांचे फावते.

संदेशात अनेकदा कर्नाटकाचे आकडेही बेमालूम मिसळलेले असतात. तिथे मोठ्या मंदिरांच्या उत्पन्नाचा ठरावीक वाटा एका सामायिक निधीत जातो, पण तो निधी मुख्यतः उत्पन्न नसलेल्या लहान मंदिरांसाठी आहे आणि तो कायदा महाराष्ट्राला लागू नाही. जीएसटीचा मुद्दा त्याहून लवकर निकालात निघतो. धार्मिक विधींना करमाफी आहे आणि धर्मस्थळाच्या आवारातील दिवसाला १,००० रुपयांपेक्षा कमी भाड्याच्या खोल्यांनाही आहे. या तरतुदीत धर्माचा भेद नाही, आणि तसा खुलासा केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २०१७ मध्येच केला होता.

राहिला ताटाचा सल्ला. पंढरपुरात बडवे-उत्पात या वंशपरंपरागत पुजाऱ्यांच्या कारभाराविरुद्ध इतक्या तक्रारी झाल्या की १९६८ मध्ये नाडकर्णी आयोग नेमावा लागला, त्यातून १९७३ चा कायदा आला आणि बडव्यांचा मंदिरावरील हक्कांचा दावा सर्वोच्च न्यायालयात २०१४ मध्ये संपला. हिशेब नसलेल्या ताटाचे काय होते, हे वारकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. शिवाय पेटी आटली तर त्याची झळ समितीवरच्या पुढाऱ्याला लागत नाही; ती लागते शिर्डीच्या रुग्णालयातल्या किंवा सिद्धिविनायकाकडे उपचारासाठी मदतीचा अर्ज घेऊन आलेल्या रुग्णाला.

दान न थांबवता जाब विचारण्याची सोय १९५० च्या कायद्यातच आहे, आणि राज्यातली बहुसंख्य देवस्थाने त्याच कायद्याखाली येतात. मंदिरात नित्य पूजेला येणारा किंवा प्रसाद घेणारा माणूस या कायद्याच्या दृष्टीने ‘हितसंबंधित व्यक्ती’ असतो. अशा दोघांना मिळून धर्मादाय आयुक्तांच्या लेखी संमतीने कलम ५० खाली दावा दाखल करता येतो, विश्वस्तांकडून हिशेब मागता येतो आणि त्यांना दूर करण्याची मागणीही करता येते. त्यासाठी गावचा मानकरी किंवा मोठा देणगीदार असावे लागत नाही.